नामूच्या मायला कोणी सांगितलं?

आमच्या शाळेतले गणिताचे सर भेटेल त्या गोष्टीला गुण देत. चहाला देत, एसटीच्या ड्रायव्हरला देत, लग्नातल्या वरणाला देत. हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण संपलं की आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायचो. ते गंभीर चेहऱ्यानं हळूच म्हणायचे, "एकोणतीस. पुन्हा बसावं लागंल." पास व्हायला पस्तीस लागत. पन्नासच्या वर त्यांनी कशाला दिलेले मी फार थोड्या वेळा ऐकले. एकदा डोंगरकड्याच्या बाजारात एक म्हातारी फुटक्या मडक्याला राळ लावून ते सांधत होती. तिच्याजवळ ते बराच वेळ थांबले आणि वाटेत मला म्हणाले, "एकसष्ट."

मी डोंगरकड्याच्या त्या शाळेत मराठी शिकवायला गेले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा आमचा सगळा भाग परभणी जिल्ह्यातच होता. माहेर गोरेगावचं, घरी शेती, आणि नोकरी करणारी घरातली मी पहिलीच बाई. सर पन्नाशी ओलांडलेले. उंच, वाळके, पांढरा सदरा आणि धोतर, काखेत छत्री. ते बौद्ध वस्तीतून चालत शाळेत येत आणि वाटेत जो भेटेल त्याला, शेळ्या राखणाऱ्या पोरालासुद्धा, अहो म्हणत. वर्गातही तसंच. "तुमी पाढा म्हणा. तुमी फळ्याकडं बघा." पाचवीचं पोरगंही त्यांच्याकडे तुमी होतं.

एकदा एक पालक तक्रार घेऊन आले. "सर, तुमी आमच्या पोराला अहो-जाहो करून राहिलात, ते आता घरी माझं ऐकंना."

सर म्हणाले, "मग तुमी बी त्याह्यला अहो म्हणा. बराबरीच्या माणसाचं माणूस ऐकतं."

दुसरी त्यांची सवय उभं राहून वाचायची. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या असत, पण सर भिंतीला खांदा टेकवून, पुस्तक डोळ्यांजवळ धरून उभे. मी नवीन होते, न राहवून विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं. "निजामाच्या राज्यात आमाला शाळेच्या आत बसू देत नसत. मी खिडकीबाहेर उभा राहून शिकलो, उर्दू बी अन् हिशेब बी. आता बसून वाचलं की डोक्यात काही शिरत न्हाई." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं. 

शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली सरांकडे असे. नवं पुस्तक आलं की ते स्वतः तपासल्याशिवाय कपाटात जात नसे. तपासायची रीतही त्यांची स्वतःची. मधल्या सुट्टीत लिंबाखाली पोरं बसवायची आणि चार-सहा पानं मोठ्यानं वाचायची. वाचताना सरांची नजर पोरांच्या तोंडाकडे नसे, पायांकडे असे. "तोंड खोटं बोलतंय, बाई," ते मला म्हणाले होते. "सरासमोर लेकरू तोंड बराबर ठेवतं. पायाच्या बोटायला तेवढं जमत न्हाई. गोष्ट ढिली पडली की बोटं माती उकरायला लागत्यात."

मी त्या काळात मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहिली होती. कयाधूच्या काठचं एक गाव. तिथले आवाज एकेक करून चोरीला जाऊ लागतात. आधी गाईच्या गळ्यातल्या घंटेचा, मग जात्याचा, मग पाळण्यातल्या लेकराच्या रडण्याचा. तानी नावाची तेरा वर्षांची पोरगी ते आवाज परत आणायला नदीच्या डोहात उतरते. डोहाखाली बुडनगरी असते. तिथं जो आपलं नाव विसरतो तो कायमचा तिथलाच होतो. तानीच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि दोराचं दुसरं टोक काठावर धरून बसलेला असतो नावाड्याचा मुलगा, नामू. तो थोड्या थोड्या वेळानं दोराला हिसका देतो आणि तिच्या नावानं हाका मारतो.

परभणीच्या एका लहानशा प्रकाशकानं ती छापली. आमच्या लिंबाखाली सरांनी ती वाचली तेव्हा पायाचं एकही बोट हललं नाही. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अठ्ठावन्न." मी आठ दिवस त्या अठ्ठावन्नवर जगले.

मुलांनी पुस्तक उचलून धरलं. सेनगाव, कळमनुरी, औंढा, कुठल्या कुठल्या शाळांतून मागणी आली. प्रकाशक म्हणाले, आता दुसरा भाग हवा, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हवा. मी सहा महिने शाळेतून आले की लिहायला बसत असे. दुसऱ्या भागात मी काही कमी पडू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बुडनगरीला सहा वेशी केल्या. प्रत्येक वेशीवर एक राक्षसी पहारेकरी. आग ओकणारी सुसर, माशांच्या तोंडाचं सैन्य, पाण्यातली मोठी लढाई. शेवटी तानी बुडनगरीची राणी होते आणि राज्याभिषेकाचं एक लांबलचक प्रकरण. या खेपेला उरलेले आवाज आणायला तानीबरोबर नामूही खाली उतरतो आणि तिसऱ्या वेशीवर मरतो. वेस उघडायला कुणीतरी आतून अडसर धरून ठेवायला हवा होता, तो नामू धरतो. तेवढ्यात सैन्य आत येतं आणि तानी पुढे जाते. दोन ओळी.

प्रकाशकांची पद्धत अशी की छापण्याआधी एखाद्या जाणत्या शिक्षकाचा अभिप्राय घ्यायचा आणि तो पुस्तकाच्या मागे टाकायचा. मला सरांशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. हस्तलिखित त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते तळहातावर तोललं. "पयल्यापेक्षा जड हाय," म्हणाले.

त्यांनी ते लिंबाखाली पोरांना वाचून दाखवलं, रोज थोडं थोडं. मी लांबून बघत होते. सुसर आली तेव्हा पोरं एकमेकांना चिकटली. शेवटच्या वेशीला दोघंतिघं उभीच राहिली. पायांकडे बघायची गरजच नव्हती. मला वाटलं, झालं. या खेपेला साठच्या वर.

दुसऱ्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत आले. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी हस्तलिखित टेबलावर ठेवलं आणि ते उभेच राहिले.

"पोरायचे गुण बहात्तर," ते म्हणाले. "माझे चौतीस."

मला आधी हसू आलं. "एका गुणानं नापास, सर?"

"एका प्रश्नानं. नामूच्या मायला कोणी सांगितलं?"

मला प्रश्नच कळला नाही. "काय सांगितलं?"

"नामू गेला हे. पयल्या भागात त्याह्यची माय हाय. ती दोराला पीळ देऊन देती, त्याह्यला भाकर बांधून देती. दुसऱ्या भागात नामू तिसऱ्या वेशीवर पडला. तानीबाई राणी झाल्या. गावातले आवाज बी आले. मग त्या मायला कोणी सांगितलं? का ती अजून काठावरच बसून हाय?"

"सर, गोष्ट तानीची आहे."

"व्हय. पन मेला नामू."

मी चिडले. म्हटलं, पोरांची गोष्ट आहे, सुट्टीत वाचायची. त्यांना रडवायचं काहून? तुम्ही स्वतःच म्हणता, त्यांना आवडली. पाय हलले नाहीत. तुमची रीत तुम्हीच मोडून राहिलात.

"पोरायला पुढची वेस दिसून राहिली होती," सर शांतपणे म्हणाले. "मागं कोन राहिलं ते बघायचं त्याह्यचं वय न्हाई. तुमचं हाय."

त्यांचा लेखी अभिप्राय चार ओळींचा होता. भाषा चांगली, वेग चांगला, मुलं खिळून राहतात. मात्र एक मरण वाऱ्यावर सोडलं आहे, ते नीट केल्याशिवाय पुस्तक छापू नये. प्रकाशकांनी तो वाचला आणि मला सांगितलं, बाई, हे पुस्तकाच्या मागे कसं टाकायचं? दुसऱ्या कुणाचं आणा. ते आणणं काही कठीण नव्हतं. हेडमास्तरांनी हस्तलिखित न उघडताच सुंदर अक्षरात शिफारस लिहून दिली. छपाईचं सगळं ठरलं. मी सरांशी बोलणं जवळजवळ बंद केलं. नमस्कार तेवढा होत असे. त्यांना त्याचं काही वाटत असेल तर ते दिसलं नाही. ते मला पूर्वीसारखंच बाई म्हणत आणि फळा माझ्या तासाआधी पुसून ठेवत.

उन्हाळ्यात आम्हा दोघांची औंढ्याला परीक्षेच्या कामावर नेमणूक झाली. दुपारी काम आटोपलं आणि आम्ही परतीच्या एसटीसाठी थांब्यावर आलो. ऊन असं की समोरची दुकानं हलताहेत असं वाटत होतं. नागनाथाचं दर्शन घेऊन आलेली एक बाई आपल्या लेकराला ओल्या पदरानं वारा घालत होती. गाडी येईना. सर खांबाला टेकून उभे होते, मी फळकुटावर बसले होते. बोलायला काही नव्हतं म्हणून मीच म्हणाले, "सर, पुढच्या आठवड्यात हस्तलिखित छापायला देऊन राहिले मी."

"बराबर," ते म्हणाले. मग छत्री दुसऱ्या काखेत घेत म्हणाले, "बाई, तुमाला एक सांगतो. गुण देण्याचं न्हाई, माझं सोताचं."

आणि रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं.

त्यांना एक थोरला भाऊ होता. बाप लवकर गेला. भाऊ मजुरीवर जाई, म्हणून यांना खिडकीबाहेर का होईना उभं राहता येई. एका वर्षी भाऊ गावच्या काही माणसांबरोबर लांब, तेलंगणाच्या बाजूला, कुठल्याशा तलावाच्या कामावर गेला. बाकीची माणसं परत आली. त्यांतल्या एकानं यांना शाळेच्या वाटेवर गाठलं. मातीचा कडा कोसळला, तुझा भाऊ खाली गेला, असं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या मायसमोर माझं तोंड उघडायचं न्हाई, तूच सांग.

"मी बारा-तेरा वर्षांचा होतो," सर म्हणाले. "घरी गेलो. माय जवारी निवडून राहिली होती. म्हणली, ती माणसं आली म्हणं, तुझा भाऊ काहून आला न्हाई? माझ्या तोंडून निघून गेलं, तो हैद्राबादला गेला. तिथं एका नवाबाच्या बागेत त्याला काम लागलं. गुलाबाला पानी घालतो."

लेकराला वारा घालणारी बाई उठून सावलीत गेली.

"मायला एवढा आनंद झाला, बाई. तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं. पयली गोष्ट लय चांगली जमली मला. मग आठ-पंधरा दिवसांनी तिनं इचारलं, अन् मग? पुढं काय? मला पुढचं सांगावं लागलं. आता नुसता गुलाब पुरंना. मी त्याला बागेचा मोठा माणूस केला. डोक्याला पटका दिला. बसायला घोडं दिलं. बागेत मोर सोडले. नवाब त्याचं लग्न लावून देणार हाय, म्हणलो. माझी जबान थांबंना. मला ते सांगायला आवडून राहिलं होतं, बाई. हे मला आजबी ध्यानात हाय. पयली गोष्ट मी मायसाठी सांगितली. दुसरी माझ्यासाठी."

"मग?" मी विचारलं.

"मोर आले तवा तिचे हात थांबले. सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणली, बस कर, बाबा. अन् मग म्हणली, एवढंच सांग. जेवून गेला होता का तो?"

थांब्यावर एक रिकामी बैलगाडी येऊन उभी राहिली आणि निघूनही गेली.

"मी व्हय म्हणालो," सर म्हणाले. "जेवून गेला होता. ते बी मला माहीत न्हवतं. त्या माणसाला इचारायचं मला सुचलंच न्हाई."

आमची गाडी आली. आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. डोंगरकड्याला उतरल्यावर मी त्यांना गाठून म्हणाले, "सर, तुमच्या आईचा तो प्रश्न... मी तो नामूच्या आईच्या तोंडी घालू का?"

त्यांनी मान हलवली. कधी नव्हे ते कडक आवाजात म्हणाले, "न्हाई. तो माझ्या मायचा हाय. नामूच्या मायचा तुमी शोधा."

मी हस्तलिखित दिलं नाही. प्रकाशकांना कळवलं, एक प्रकरण राहिलंय. ते रागावले. जून गेला, दिवाळी गेली. ते एक प्रकरण लिहायला मला जितका काळ लागला तितका सगळ्या लढायांना मिळून लागला नव्हता. मी पुन्हा पुन्हा तानीला त्या घराच्या दाराशी नेत होते आणि प्रत्येक वेळी ती काहीतरी छान बोलत होती. नामू शूर होता. नामूमुळे गाव वाचलं. बुडनगरीत त्याचा पुतळा बसवला आहे. नामूची माय ऐकून घ्यायची आणि रडायची, आणि मला कळायचं की ही माय बनावट आहे. ती खरी असती तर अशी मुकाट रडली नसती.

शेवटी ज्या दिवशी जमलं त्या दिवशी ते दोन पानांतच झालं. मी ते घेऊन शाळेत गेले. मधली सुट्टी होती. सर खिडकीशी उभे होते. मी कागद पुढे केले, पण त्यांनी घेतले नाहीत. "तुमी वाचा," म्हणाले. "माझ्या मायला वाचता येत न्हवतं. नामूच्या मायला तरी कुठून येणार? ऐकूनच बघावं लागंल."

मी वाचलं. तानी मुकुट घालून, बुडनगरीची माणसं बरोबर घेऊन काठावर येते. नामूची माय दोर वळत बसलेली असते. तानी उभ्या उभ्या सांगते, की तुमचा पुत्र तिसऱ्या वेशीवर धारातीर्थी पडला. माय दोर वळतच राहते. तानीला वाटतं, तिला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा तेच म्हणते. तेव्हा माय म्हणते, "ऐकलं मी. राणीनं सांगितलेलं ऐकलं. आता ती माणसं तिकडं पाठव, इथं खाली बस, अन् तू सांग." तानी माणसांना परत पाठवते. खाली बसते. मग ती सांगू लागते, की नामूनं अडसर धरला होता, त्याचे हात थरथरत होते, त्यानं मला जा म्हटलं, आणि मी गेले. मी मागं वळून बघितलं नाही. एवढं झाल्यावर माय दोराचं एक टोक तिच्या हातात देते. दोघी मिळून दोर वळतात. प्रकरण तिथं संपतं.

वाचून झालं. सर खिडकीबाहेर बघत होते. मैदानावर पोरं ओरडत होती. मी गुणांची वाट बघत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. या वेळी "मागं वळून बघितलं नाही" या ओळीशी मी मान वर करून बघितलं. सरांनी काखेतली छत्री भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी डोळे पुसले, अगदी सावकाश, घाम पुसावा तसे. घंटा झाली. त्यांचा सातवीवर तास होता. दाराशी थांबून म्हणाले, "याला मला गुण देता यायचे न्हाईत, बाई," आणि गेले.

प्रकाशकांनी कुरकुर केली, पण छापलं. राज्याभिषेकाचं प्रकरण मी काढून टाकलं होतं, त्यामुळे कागद तरी वाचला, असं ते म्हणाले. मागे कुणाचाच अभिप्राय नव्हता. दुसरा भाग पहिल्यासारखा चालला नाही, हे खरं. मुलं मला सांगत, पहिला भाग चार-चार वेळा वाचला, दुसरा एकदाच. तिसरा भाग मी लिहिलाच नाही. पण एकदा गोरेगावला आठवडी बाजारात एका बाईनं माझा हात धरला. ओळखीची नव्हती. म्हणाली, "तुमीच ना त्या? माझी पोरगी मला ते पुस्तक वाचून दाखवायली होती. ती दोर वळती ती माय... मी पोरीला म्हणलं, थांब, इथंच थांब, पुढं नको वाचू." तिला आणखी काही सांगायचं होतं, पण मागून कुणीतरी तिला हाक मारली.

सर त्या दशकाच्या शेवटी निवृत्त झाले. शाळेच्या मैदानात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. हार, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. पोरं सरांच्या बोलण्याची वाट बघत होती, कारण आज ते शाळेला गुण देणार अशी बातमी उठली होती. वस्तीतली माणसं आली होती, गावातले शेतकरी आले होते, त्यांच्या हाताखाली शिकून मोठी झालेली किती तरी माणसं आली होती.

सर उठले. शाळेबद्दल काही बोलले नाहीत. गुणही दिले नाहीत. समोरच्या पाचवीच्या पोरांकडे बघून त्यांनी सुरुवात केली.

"मला एक थोरला भाऊ होता. त्याह्यचं नाव लिंबाजी. ते मातीकाम करायचे, म्हणून मी शिकलो. तलावाच्या कामावर कडा कोसळून ते गेले. त्याह्यला तिकडंच माती दिली. कुठं, ते मला माहीत न्हाई. ते जेवून गेले होते का उपाशी, ते बी मला माहीत न्हाई. मी हे माझ्या मायला कधी सांगितलं न्हाई. म्हणून तुमाला सांगून राहिलो."

एवढंच. त्यात बाग नव्हती, मोर नव्हते. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. वस्तीतली एक म्हातारी, सरांपेक्षाही बरीच मोठी, मागे जमिनीवर बसलेली होती. ती आपल्या नातवाच्या खांद्याला धरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लिंबाजी. व्हय. मला आठवतोय तो. लय हसायचा."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग ते स्टेजवरून उतरून, माणसांतून वाट काढत, तिच्याकडे चालू लागले.